बहुतेकबाईचा विरोध

कुंदा,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पुणतांब्याच्या घाटावर पिंड ठेवून माणसं मागं सरतायत न सरतायत तोवर तो आलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी वहिनी म्हणाली, "बघा, काही इच्छा राहिली नव्हती हो त्यांची." मी पायरीवर उभी होते आणि मला धडकीच भरली. हॉस्टेलच्या आमटीपासून सरकारी अहवालापर्यंत जिनं एकही गोष्ट 'चालतंय' म्हणून सोडली नाही, ती अशी पहिल्या हाकेला सगळं कबूल करून मोकळी झाली? मला तर तो कावळा आमच्या ग्रामपंचायतीचा सदस्य वाटला. विषय वाचायच्या आधीच हात वर.

तू असतीस तर हसली असतीस. मला हसू येत नव्हतं, कारण घाटाच्या वरच्या अंगाला माझा धाकटा दीर दत्ता तुझ्या भावाला बाजूला घेऊन काहीतरी समजावत होता. दत्ता म्हणजे आमचा उपसरपंच. तू त्याला 'गोड दत्ता' म्हणायचीस, आणि त्याला ते कौतुक वाटायचं. थोड्या वेळानं अरुणदादा माझ्याकडं आले. नुकतंच मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर ओला पंचा. हात जोडून म्हणाले, "शालनताई, दत्ताभाऊंनी सांगितलं. गावाच्या हवामान आराखड्याला आमच्या कुंदाचं नाव देताय. आमच्या घरात कुणाचं नाव असं कुठं लागलं नव्हतं हो." आणि त्यांना रडू फुटलं. अशा माणसाला मी काय सांगणार होते? मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

ज्या आराखड्याला तू शेवटपर्यंत नाही म्हणत होतीस, त्याला आता तुझंच नाव लागणार होतं. आणि 'नको' म्हणायला तू नव्हतीस. त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला.

तुला गावात आणलं मीच. पाऊस बदललाय, तेव्हा प्रत्येक गावानं आपला आराखडा करावा आणि समितीत बाहेरचा एक तज्ज्ञ घ्यावा, असं सरकारच्या योजनेत होतं. मी नुकतीच सरपंच झाले होते. 'तज्ज्ञ' हा शब्द वाचला आणि मला तूच आठवलीस. नगरच्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणारी, पुढं जन्मभर जमिनीखालचं पाणी मोजत हिंडलेली, आणि आता निवृत्त होऊन नगरला एकटीच राहणारी कुंदा. मला वाटलं, आपलीच आहे, आपल्याच बाजूनं बोलेल. फोन केला तेव्हा तू एवढंच विचारलंस, "शालन, मला बोलावतेस की माझी सही बोलावतेस?" मी म्हटलं, काहीतरीच काय!

तुझ्या त्या प्रश्नामागं काय होतं ते मला नंतर कळलं. कुठल्याशा मोठ्या समितीत तू होतीस. तुम्ही लोकांनी अहवालात लिहिलं होतं, 'पाण्याची पातळी खालावली आहे.' छापून आलं तेव्हा तिथं होतं, 'पाण्याच्या पातळीत बदल आढळला आहे.' तुझी सही मात्र खाली जशीच्या तशी. तू त्या समितीतून बाहेर पडलीस. मी म्हटलं होतं, "एका शब्दासाठी?" तू म्हणालीस, "दुसरं काय होतं माझ्याकडं?"

आमच्या समितीची पहिली बैठक तुला आठवत असेल. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, प्रोसिडिंगचं पुस्तक उघडून बसले होते. तू चष्मा लावलास, वाकून वाचलंस आणि म्हणालीस, "भाऊसाहेब, बैठक अजून व्हायचीय ना?"

"व्हायचीय की म्याडम."

"मग इथं 'सर्वानुमते मंजूर' कसं?"

"ते लिहूनच ठेवतो आपण. ऐन वेळेला धांदल होती."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. नंतर तुझ्याकडं पाहून अगदी मायेनं म्हणाले, "तुमी कशाला नाही म्हणताल, म्याडम?" सगळे हसले. तुला सोडून.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून संपलेलं नाही. मी तुला परोपरीनं सांगितलं की आमच्याकडं 'सर्वानुमते' हे मत नसतं, ती दारातली रांगोळी असते. माणसं बांधावर भांडतात, दूध घालायला गेल्यावर डेअरीवर भांडतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडतात. निदान कागदावर तरी सगळे एक असावेत, कारण दुसऱ्या दिवशी एकाच रस्त्यानं जायचं असतं. तू ऐकून घेतलंस. तू ऐकून घ्यायचीस, हे मी कबूल करते. मग म्हणालीस, "शालन, मी निवडून आलेली नाही. तू आलीस. तेव्हा निर्णय माझ्या हातात देऊ नकोस, तो माझा नाही. पण माझं तोंडही मी तुझ्या हातात देणार नाही. मी सल्ला देईन. तो ऐकला असं लिहा. मानला असं लिहू नका. आणि नाही मानला तर का नाही मानला, तेवढं लिहा. माझं काम तिथं संपलं."

"लिहून काय होतं गं? कोण वाचतं?"

"पुढचा सरपंच," तू म्हणालीस.

मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजून येतो. पुढच्या सरपंचासाठी तू मला छळत होतीस.

आणि तो डबा! समितीच्या दिवशी तू नगरहून एसटीनं तिसगावला उतरायचीस, तिथून रिक्षानं आमच्याकडं. खांद्याच्या पिशवीत स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली. मी पिठलं-भाकरी करून, ठेचा वाटून वाट बघायची, आणि तू पंचायतीच्या ओट्यावर बसून पोळी-भाजी खायचीस. माझ्या घराच्या समोर! गावात कुजबुज झाली, सरपंचबाईचं मैत्रिणीशी बिनसलं. माझ्या सासूबाईंनी तर तोंडावर विचारलं, "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तिला?" मी तुला झाडलं. तू म्हणालीस, "रविवारी येते ना, दोन भाकरी जास्त खाईन. आज मी तुझी पाहुणी नाही. तुझ्या घरचं खाऊन तुझ्या बागेबद्दल बोलायचं म्हणजे जीभ आपोआप मऊ पडते. मला ठाऊक आहे माझी जीभ." आणि रविवारी खरंच आलीस आणि ठेच्यासकट सगळं संपवलंस. सासूबाई तुला ताक वाढताना म्हणाल्या, "आज सोवळं सुटलं वाटतं." तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

तू पुढच्या रविवारी येणार नाहीस हे मला अजून नीट पटत नाही. परवा पीठ मळताना मी चार भाकरींचं जास्त घेतलं. घेतल्यावर लक्षात आलं.

आता मुख्य भांडण. तू पाणी बघत गावभर हिंडलीस. विहिरींत टेप सोडलास, बोअरवाल्यांना प्रश्न विचारून भंडावलंस. आणि समितीपुढं सांगितलंस: पाऊस आता धिंगाणा घातल्यासारखा एकदम पडेल आणि मग तोंड दाखवणार नाही. तेव्हा वाहून जाणारं पाणी अडवा, शेततळ्यात घ्या, माझी ना नाही. पण विहिरीतून, बोअरमधून उपसून शेततळी भरू नका. जमिनीखालचं पाणी सगळ्या गावाचं आहे. ते एकानं वर काढून उन्हात उघडं ठेवलं, तर थोडं त्याची बाग पिते, बरंच ऊन पितं, आणि शेजाऱ्याची विहीर आटून बसते. शेततळ्याला मदत द्यायची तर ही अट घालूनच द्या.

आणि आमच्याकडं तर शेततळी तशीच भरतात. काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, बोअर चालू करायचं. संत्र्याच्या बागा त्यावर उभ्या आहेत. मी निवडून आले तीच त्या शब्दावर. बाग असलेल्या प्रत्येकाला शेततळं मिळवून देईन, असं मी दारोदार सांगितलं होतं, कसलीही अट न घालता. तू आलीस आणि माझ्या शब्दालाच अट लावलीस.

लोक तुला काय काय बोलले! रंगनाथ आप्पा सगळ्यांत पुढं. गावातलं पहिलं शेततळं त्यांचं, आणि बागही सगळ्यांत जुनी. तुला घेऊन मी त्यांच्या मळ्यात गेले होते. तू शेततळ्याच्या काठावर उभी राहिलीस, हिरवट पाण्याकडं बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "आप्पा, हे पाणी तुमचं नाही." सरळ! मला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं. आप्पांचा चेहरा लालबुंद. "तू गोदाकाठची. गंगेत पाय सोडून वाढलीस. तुला काय ठावं कोरड्या रानाचं? आमाला पान्याचं शानपन शिकवती!" तू शांतपणे म्हणालीस, "म्हणूनच आले. आमच्याकडं पाणी होतं म्हणून आम्ही कसं वापरलं, ते मी बघितलंय." मग ते बोलले, तू बोललीस, ते बोलले. शेवटी त्यांनी नाइलाजानं तुला संत्री दिली, आणि तू समितीचा दिवस आहे म्हणून घेतली नाहीस. तो अपमान ते आजतागायत सांगत आलेत.

पण मला खरी चीड यायची ती तुझ्या 'बहुतेक'ची. ही विहीर चैत्रात आटेल का? "बहुतेक." या पट्ट्यात खाली पाणी असेल का? "बहुतेक नसेल." पोरांनी तुझं नाव बहुतेकबाई पाडलं. तिसगावचा एक शेततळ्याचा कागद विकणारा गावात लॅपटॉप घेऊन यायचा, रंगीत चित्रं दाखवायचा आणि छातीवर हात ठेवून शंभर टक्के खात्री द्यायचा. लोक त्याचं ऐकायचे आणि मला म्हणायचे, "तुमच्या म्याडमचीच खात्री न्हाई, मंग आमी कशाला मानायचं?" मी तुला विनवलं, जरा ठासून बोल की! तू म्हणालीस, "जेवढं माहीत आहे तेवढं ठासूनच बोलते. जे नाही माहीत त्याला बहुतेक म्हणते. त्याला खात्री म्हटलं, तर माझ्यात आणि कागदवाल्यात फरक काय राहिला?" बरोबर होतं गं. पण त्यानं मतं मिळत नाहीत. आणि सल्ला मानायचा तर हात वर व्हावे लागतात ना?

आपलं शेवटचं बोलणं फोनवरचं. खास ग्रामसभा ठरली होती, आराखडा मांडायचा होता. तू स्वतः उभी राहून तुझा विरोध सांगणार होतीस, म्हणून लिहून काही दिलं नव्हतंस. मी विचारलं, "येशील ना?" तू म्हणालीस, "बहुतेक." मी भडकले. "यायलासुद्धा बहुतेक? मेले, एकदा तरी हो म्हण!" तू हसत होतीस. मी फोन ठेवला. दोन दिवसांनी अरुणदादांचा फोन आला की सकाळी चहा घेता घेता तू खुर्चीतच गेलीस.

तुझं ते 'बहुतेक' मला आता झोपेतही ऐकू येतं. मेलेल्या माणसाचं बरोबरच असायला हवं का? तेवढं तरी खोटं ठरवायचंस.

दहाव्याहून परत आलो आणि गावात सगळं गोड गोड सुरू झालं. जे तुला बहुतेकबाई म्हणत होते, ते 'आपल्या कुंदाताई' म्हणू लागले. चौकात तुझ्या फोटोचा फलक लागला. दत्तानं ठरावाचा मसुदा आणून दिला: 'कै. कुंदाताई यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला' आराखडा, त्याला तुझं नाव, शेततळ्यांना कुठलीही अट नाही. खाली सूचक, अनुमोदक आणि सर्वानुमते.

मी म्हटलं, "दत्ता, तिचा विरोध होता."

"वहिनी, आता गेलेल्या माणसाचा इरोध कशाला उकरायचा? मान देतोय आपण. नाव ऱ्हाईल त्यांचं."

"आणि तिच्या जागेवर कोण?"

"तिसगावचा तो कागदवाला हाय की. त्याला शेततळ्यातलं समदं कळतं."

"कळत असेल. पण त्याला शेततळं नको म्हणता येईल का?"

दत्तानं माझ्याकडं खरोखरच्या आश्चर्यानं पाहिलं. "नको म्हणायला कशाला आनायचा तज्ज्ञ?"

दत्ता वाईट नाही, हे तूही म्हणायचीस. म्हणूनच मला भीती वाटली. वाईट माणसाशी भांडता येतं. इथं सगळे तुझ्यावर प्रेम करत होते, आणि त्या प्रेमात तुझा विरोध निमूट बुजवला जात होता. उद्या शेजारचं गाव म्हणणार, त्यांच्या आराखड्याला एवढ्या मोठ्या बाईंचं नाव आहे, मग आपणही तसंच करू. पुन्हा तुझी सही आणि वर दुसऱ्याचे शब्द. या वेळी तर तुला समितीतून बाहेरही पडता येणार नव्हतं.

आणि दुसरी भीती वेगळीच. मी बोलले तर काय बोलणार? तुझं नाव नको म्हणणारी सरपंच, ती पण तुझी मैत्रीण! अरुणदादांना काय वाटेल? घरात दीर बोलेनासा होईल. आणि ज्यांना शेततळ्याचा शब्द दिला ते म्हणतील, बाई फिरली. मी रोज सकाळी आमच्या विहिरीवर जायची आणि उगाच आत वाकून बघायची. गेल्या पावसाळ्यात ओढा पुलावरून वाहिला तेव्हा ती काठोकाठ भरली होती. आता पाणी खाली गेलंय. नेहमीपेक्षा जास्त? मला सांगता येईना. तू असतीस तर टेप सोडला असतास.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात भरली. अरुणदादा पुणतांब्याहून तुझा मोठा फोटो फ्रेम करून घेऊन आले होते. तो खुर्चीवर ठेवला, हार घातला. रिवाजाप्रमाणं पहिला विषय दुखवट्याचा. सगळे उठून उभं राहायच्या बेतात होते. आणि माझ्या डोक्यात आलं, की आत्ता दोन मिनिटं उभं राहिलं तर सगळ्यांचे डोळे भरून येतील, आणि डोळे पुसता पुसता पुढच्या ठरावाला हात वर होतील.

मी म्हटलं, "बसा. आधी आराखडा घेऊ. दुखवटा शेवटी."

गलका झाला. "असं कुटं असतंय का?" "सरपंचबाई, आदी दुखवटा घेत्यात!" दत्ता माझ्या कानाशी येऊन कळवळून म्हणाला, "वहिनी, हे काय?"  भाऊसाहेबांना मसुदा वाचायला सांगितलं. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "यात कुंदाचं मार्गदर्शन आहे. विरोध कुठं आहे?"

आणि तू काय म्हणत होतीस ते मी सांगितलं. जमेल तसं सांगितलं. तुझ्यासारखं नाही जमलं. पाण्याचं, उन्हाचं, शेजाऱ्याच्या विहिरीचं, अटीचं. मधे एकदा 'बहुतेक'सुद्धा म्हणाले, तुझा मान ठेवायला.  मग दत्ता उठला. आवाज गोडच होता. "वहिनी, तुमी म्हनताय ते खरं असंल. पन ताईंनी लिहून दिलंय का काही? न्हाई. आपल्यात एकच कागद हाय, ह्यो मसुदा, त्यात इरोध न्हाई. आता त्या न्हाईत. निस्त्या तुमच्या सांगन्यावर कसं धरायचं?"

 मी अरुणदादांकडं पाहिलं. ते मांडीवरच्या हातांकडं बघत होते. आपण हरलो, असं मला वाटलं. तुला मी एकटीनं धरून ठेवलं होतं आणि तू माझ्या हातून सुटत होतीस.

तेव्हा मागून खाकरल्याचा आवाज आला. रंगनाथ आप्पा काठीवर भार देऊन उभे राहिले. मी मनात म्हटलं, झालं, आता हे संत्र्यांचं काढणार.

"दत्ता, खोटं बोलू नगं," आप्पा म्हणाले. "माझ्या शेततळ्याच्या कडंला हुबी राहून म्हनली ती. 'आप्पा, ह्ये पानी तुमचं न्हाई.' म्या लई बोललो तिला. पन म्हनली हुती. मी हाय की साक्षीला. तिनं हो म्हनल्यालं म्या तरी कदी ऐकलं न्हाई. तिच्या नावावर हो खपवायचं न्हाई."

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.  मी अरुणदादांना विचारलं, "दादा, तुम्ही सांगा. घरी तरी तिनं कधी कशाला हो म्हटलं होतं का?"  ते डोळे पुसत म्हणाले, "नाही हो. लग्नालासुद्धा नाही." आणि ते हसले. मग म्हणाले, "नाव नका देऊ. मला नीट कळलं नव्हतं."

नाव गेलं. पण थांब, एवढ्यावर खूश होऊ नकोस. मी आप्पांना विचारलं, "मग आप्पा, तुमचं मत काय? अट घालायची?"

"छ्या! बाई बहुतेक खरं बोलत हुती. पन निस्त्या बहुतेकवर मी लेकरावानी वाढवल्याली बाग वाळू देऊ का? माझा हात शेततळ्याला हाय. बिनअटीचा."

मी भाऊसाहेबांना म्हटलं, "हे लिहा. म्हणाले तसंच लिहा. का नाही मानलं, ते आलं यात."

मतं घेतली. बहुतेक हात वर झाले. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीजवळची वस्ती आहे ना, तिथल्या बाया मागं बसल्या होत्या. त्यांनी हात वर केले नाहीत. त्यांच्यातली सखूबाई दबकत म्हणाली, "आमचा इरोध म्हनून लिवता यील का? आमची हीर बसली तर टँकरम्होरं आमालाच हुबं ऱ्हावं लागतंय." भाऊसाहेबांनी पेन उचललं. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि मी? मी हात शेततळ्याच्या बाजूनं वर केला, कुंदा. चिडू नकोस. किंवा चीड. मी शब्द दिला होता त्या लोकांना, आणि आमच्या बागेत यंदा पहिला बहर धरलाय. 'निर्णय माझा नाही, तुझा' असं तूच म्हणालीस ना? मग तो घेताना तू माझ्याजवळ का नव्हतीस? तुझं ऐकलं. मानलं नाही. तू बरोबर निघालीस, तर सखूबाईच्या विहिरीत उतरलेलं पाणी माझ्या हातानं उतरलेलं असेल, आणि तसं लिहिलेलंही असेल. तुझी जागा रिकामीच ठेवली आहे. कागदवाल्याला नाही म्हटलं, पण दुसरं कुणी सापडलेलं नाही. अशी बाई आणायची कुठून, जी आमचं खाणार नाही, आमचं ऐकेल, आणि तरी आमच्यासारखं बोलणार नाही? दत्ता घरात बोलत नाही. मला भूक लागत नाही. सखूबाईच्या विहिरीत दर अमावस्येला टेप सोडायचा आणि ते सभेत वाचायचं, एवढं मात्र मंजूर करून घेतलं. तुझा टेप अरुणदादांनी मला दिलाय. तो धरायचा कसा, ते तू शिकवलंस म्हणून बरं.

मग शेवटी दुखवटा घेतला. सगळे उभे राहिले. तुझ्या फोटोवर ऊन आलं होतं, ते कुणीतरी टोपी आडवी धरून अडवलं. भाऊसाहेबांनी वाचलं, 'ही सभा कै. कुंदाताई यांच्या निधनाबद्दल सर्वानुमते...'

"थांबा," आप्पा म्हणाले. "सर्वानुमते लिवू नका."

भाऊसाहेब हबकले. "आप्पा, अवो दुखवटा हाय हा! दुखवट्याला कोन इरोध करतं का?"

"माझा हाय."  "आमचं भांडान आजून मिटल्यालं न्हाई. बाईनं असं मधीच जायला नगं हुतं. मला मंजूर न्हाई. माझा इरोध लिवा."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं.  मी मानेनंच सांगितलं, लिहा. आणि या वेळी ती मान हो म्हणूनच हलली.

कुंदा, तुझ्या दुखवट्याचा ठराव एका विरोधासह, बहुमताने मंजूर झाला आहे.